मावशींच्या बिलातले पाकीट

पत्राचा सारांश : सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर चार वर्षे काम करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. आई विड्या वळते, वडील हयात नाहीत, धाकटा भाऊ आयटीआयला शिकतो आणि घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार एवढा एकच आहे. बिलांच्या कामासोबत त्यांच्याकडे एक वही सोपवलेली आहे. कोणता रुग्ण कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आला, त्याचे बिल किती झाले आणि महिनाअखेरीस त्या डॉक्टरांच्या पाकिटात किती रक्कम घालायची, हे त्या वहीत लिहायचे असते. रुग्णवाहिकेच्या दोन चालकांची नावेही तिच्यात आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या सख्ख्या मावशी मोहोळ तालुक्यातल्या गावाहून तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन याच रुग्णालयात आल्या. पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, बिल ६८ हजार रुपये झाले आणि त्यासाठी मावशींना बोरमाळ गहाण ठेवावी लागली. महिनाअखेरीस गावच्या डॉक्टरांच्या नावापुढे १० हजार रुपये लिहून पाकीट बंद करण्याचे काम या भाचीच्याच वाट्याला आले. व्यवस्थापकांना विचारले तेव्हा ‘हा प्रसिद्धीचा खर्च आहे, पेशंटच्या खिशातून काही जात नाही’ असे उत्तर मिळाले. मावशींना हे सांगावे का, तक्रार करावी का, की नोकरीच सोडावी, असे त्या विचारतात. शेवटी लिहितात : ‘रोज भैय्या चौकातून डॉ. कोटणीसांच्या स्मारकासमोरून कामाला जाते. तसे डॉक्टर आता स्मारकातच उरले आहेत का?’

ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘पाकिटाला डिंक लावताना हात थांबला, पण समोर डिस्चार्जची माणसे ताटकळत होती म्हणून लावून टाकला,’ असे तुम्ही लिहिता. ही गोष्ट तुम्ही ओझरती सांगितली आहे, पण मला सगळे पत्र त्या थांबलेल्या हाताचेच वाटले.

उत्तराआधी माझ्याविषयी एक सांगणे भाग आहे. मी याच शहरात पस्तीस वर्षे जनरल प्रॅक्टिस केली. माझ्या टेबलावरही अशी पाकिटे आली आणि पहिल्या वर्षी मी ती घेतली. हे लपवून तुम्हाला सल्ला देणे मला जमणार नाही.

आता व्यवस्थापकांच्या उत्तराकडे पाहू, कारण तुमच्या मनातला निम्मा गोंधळ त्या उत्तराने निर्माण केला आहे. रुग्णालयाकडे पैसा येतो तो रुग्णाच्या बिलातून. बाहेर जाणारे दहा हजार रुपये आले कुठून, याचे त्यामुळे एकच उत्तर उरते. एक तर ते बिलात आधीच धरलेले असतात, नाही तर ते भरून काढण्यासाठी एखादी जादा तपासणी, एखादा जादा दिवस, एखादे महागडे इंजेक्शन बिलात येते, नाही तर परिचारिकांच्या पगारावर आणि साहित्याच्या दर्जावर काटकसर होते. यांपैकी मावशींच्या बाबतीत काय झाले हे मला ठाऊक नाही. परंतु तिन्ही वाटांनी भार शेवटी खाटेवर झोपलेल्या माणसावरच येतो, आणि मावशींच्या बोरमाळेचा काही भाग त्या पाकिटात गेला ही तुमच्या मनाला बोचणारी गोष्ट खरीच आहे.

तरीही या व्यवहारातले मोठे नुकसान पैशांचे आहे असे मला वाटत नाही. मोठे नुकसान चिठ्ठीचे होते. खेड्यातल्या माणसाला कोणता विकार कोणत्या तज्ज्ञाकडे न्यावा, कोणत्या दवाखान्यात ती सोय आहे, कोण घाई करतो आणि कोण धीराने तपासतो, हे कळायला काही मार्ग नसतो. गावचा डॉक्टर चिठ्ठी लिहितो तेव्हा तो आपले हे सगळे ज्ञान त्या माणसाला उसने देतो. त्या चिठ्ठीला भाव आला की लिहिणाऱ्याच्या मनातला प्रश्नच बदलतो. हा माणूस कुठे बरा होईल, याच्या शेजारी आणखी एक प्रश्न येऊन बसतो, आणि कित्येकदा त्या डॉक्टरला स्वतःलाही त्याचा पत्ता लागत नाही.

मला तो असा लागला. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यातला यंत्रमाग कामगार आठवडाभर तापाने फणफणला होता. मी त्याला छातीचा एक्स-रे काढायला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवले, कारण तिथून दिवाळीला आणि अधूनमधून पाकीट येत असे. त्याच्या घराजवळच्याच पेठेत एक्स-रेची सोय होती आणि ती मला चांगली माहीत होती. अंगात ताप असताना जाता-येता रिक्षाचे भाडे भरून तो परत आला आणि कसलीही तक्रार न करता, अगदी विश्वासाने म्हणाला, ‘तिथलं मशीन चांगलं असंल, न्हवं का डॉक्टर?’ मी हो म्हणालो. पैसे परत करता येतात, पण तो ‘हो’ मला आजवर परत घेता आलेला नाही. त्यानंतर मी पाकिटे बंद केली. ती बंद करायला मला फार धैर्य लागले असे मात्र समजू नका, कारण माझी प्रॅक्टिस चिठ्ठ्या पाठवण्याची होती, चिठ्ठ्यांवर जगण्याची नव्हती. नव्याने रुग्णालय काढणाऱ्या तरुण शल्यचिकित्सकाला ‘कट’, म्हणजे चिठ्ठी पाठवणाऱ्याला द्यायचे कमिशन, नाकारणे यापेक्षा कितीतरी जड जाते. तो देत नसेल तर त्याच्याकडे रुग्ण पोहोचतच नाहीत आणि इमारतीच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. ही अडचण खरी आहे. तिचा भार मावशींनी का उचलावा, याचे उत्तर मात्र तिच्यात सापडत नाही.

गावच्या डॉक्टरांबद्दल तुम्ही फार संतापाने लिहिले आहे. मावशी त्यांना देव मानतात, काकांना रात्री दोन वाजता दम लागला तेव्हा तेच मोटारसायकलवर आले होते, आणि त्याच माणसाने असे करावे, याचा तुम्हाला धक्का बसला आहे. मला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. गावात पन्नास-शंभर रुपये फी घेऊन, निम्मी उधारीवर ठेवून, रात्री-अपरात्री धावून जाणाऱ्या डॉक्टरचा संसार त्या फीवर चालत नाही, हे गावालाही ठाऊक असते. उरलेली फी शहरातून पाकिटात येते. गावाला स्वस्त वाटणारा हा डॉक्टर खरे तर स्वस्त नसतो. त्याची शिल्लक फी वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या कुटुंबाकडून एकदम, दागिना गहाण ठेवायला लावून वसूल होते. त्या रात्रीची धाव खरी होती आणि हे पाकीटही खरे आहे. त्यांनी मावशींकडून उघडपणे पाचशे रुपये मागितले असते तर ते मी आनंदाने योग्य म्हटले असते, कारण डॉक्टरांच्या आचरणाच्या विनियमांनुसार फी आधी सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, आणि सांगितलेली फी रुग्णाला नाकारता येते. पाकिटातली फी त्याला दिसतच नाही, मग तो नाकारणार कशी?

नियम काय आहे तेही स्पष्ट सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे जे विनियम केले, त्यांत रुग्ण पाठवल्याबद्दल, सुचवल्याबद्दल किंवा मिळवून दिल्याबद्दल भेट, कमिशन अथवा बक्षिसी देणे, मागणे आणि घेणे या तिन्ही गोष्टी अनैतिक कृत्यांत मोजल्या आहेत. तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यांनाही तोच नियम लागू आहे. त्या परिषदेच्या जागी २०२० साली राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले, त्यामुळे २००२ चे विनियमच चालू आहेत. त्यांच्यात आणखी एक कलम आहे, ज्याची आठवण आम्हा डॉक्टरांना क्वचितच होते : आपल्या व्यवसायातील अक्षम, भ्रष्ट किंवा अप्रामाणिक वर्तन डॉक्टरने भीडभाड न ठेवता उघड करावे. हे कर्तव्य डॉक्टरवर घातलेले आहे, तुमच्यावर नाही. आम्ही वर्षानुवर्षे टाळलेले काम बिलिंग काउंटरवरच्या एका मुलीच्या डोक्यावर येऊन पडले आहे, याची मला मनापासून लाज वाटते.

पत्रात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तिच्यापाशी मला थांबायचे आहे. कट दिला गेला, म्हणजे शस्त्रक्रियाही गरज नसताना केली असणार, असे तुम्ही जवळजवळ ठरवूनच टाकले आहे. पित्ताशयात खडे असणे आणि त्या खड्यांमुळे त्रास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि सहज खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, अशा बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. याउलट जेवणानंतर पोटाच्या उजव्या बाजूला वरच्या भागात वारंवार तीव्र कळ येत असेल, उलट्या होत असतील किंवा कावीळ झाली असेल, तर शस्त्रक्रिया हाच सामान्यतः योग्य उपचार असतो. मावशींना दोन महिन्यांत तीनदा कळ आली होती आणि एकदा सलाइन लावावे लागले होते, असे तुम्हीच लिहिले आहे. तेवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. ज्या डॉक्टरांनी पाकीट दिले त्यांनीच मावशींचा आजार नीट बरा केला असेल, ही शक्यता मनात जागी ठेवा. ती ठेवली नाही तर तुम्ही मावशींना जे सांगाल त्यात तुमचा संताप मिसळेल आणि बऱ्या झालेल्या माणसाच्या मनात नसता आजार घर करील.

कोणत्या गोष्टीची चौकशी करण्यासारखी आहे, तेही सांगतो. हीच शस्त्रक्रिया आमच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, फारच कमी खर्चात झाली असती का, किंवा महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली असती का, हे मावशींना कोणी सांगितले होते का? ही योजना आता आयुष्मान भारतशी जोडून राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केलेली आहे आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. प्रत्येक आजार, प्रत्येक रुग्णालय तिच्यात बसत नाही, पण योजनेतल्या रुग्णालयांत बसणारा आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि आधार कार्ड पाहून काय बसते ते सांगतो. हा प्रश्न विचारायला मावशींना कोणी सुचवले नाही, कारण सुचवू शकणाऱ्या एकमेव माणसाचा त्यात तोटा होता. चिठ्ठीचे नुकसान म्हणजे काय, ते इथे दिसते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने घरात शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि तातडी नसली, तर चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी शांतपणे विचाराव्यात : मी दुसरीकडे गेलो तर चालेल का, आणि हे सिव्हिलमध्ये किंवा योजनेत होईल का. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे येतो.

नोकरी सोडल्याने तुमची सुटका होईल, असे तुम्हाला वाटते. मला तसे वाटत नाही. वही उद्या दुसऱ्या मुलीकडे जाईल, पाकिटे तशीच जातील आणि तुमच्या घरात मात्र फक्त विड्यांच्या हजेरीचा पैसा उरेल. शिवाय ज्या व्यवहारात तुम्ही ना दर ठरवता ना घेता ना देता, त्याची शिक्षा तुम्हीच स्वतःला का द्यावी? दुसरी नोकरी शोधायला आजपासून लागा, ती मिळाल्यावर ही सोडा, आणि तोवर तुमच्या हातून जे होऊ नये ते होऊ देऊ नका. खोट्या नावाच्या व्हाउचरवर, म्हणजे ‘प्रसिद्धी खर्च’ किंवा ‘सल्ला शुल्क’ अशा नोंदीवर, स्वतःची सही करू नका, कारण पुढे कधी हिशेबाची चौकशी झाली तर कागदावर सापडणारे नाव सही करणाऱ्याचे असते. व्यवस्थापकांना नम्रपणे सांगा की सही अधिकृत व्यक्तीची घ्यावी. शक्य झाल्यास विमा किंवा योजनेच्या टेबलावर बदली मागा. तिथे बसून तुम्ही महिन्याला जितक्या लोकांना योग्य वाट दाखवाल तितक्यांना या सदरातून मी वर्षभरातही दाखवू शकणार नाही. आणि आहात त्या काउंटरवरही एक गोष्ट आजच करता येईल. जो मागेल त्याला, आणि जो मागायला बिचकतो त्यालाही, बाबवार बिल द्या. २०२१ साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर रुग्णालयात दिसतील असे लावणे बंधनकारक आहे. तुमच्याकडे तो फलक नसेल तर तो लावण्याची आठवण करून देणे हे बिलिंगच्या माणसाचे साधे काम आहे, त्यात बंड काही नाही.

तक्रारीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वहीच्या पानांचे फोटो काढून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाठवावेत, किंवा व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकावेत, असा विचार तुमच्या मनात येऊन गेला आहे. व्हॉट्सअॅपचा विचार पूर्ण सोडून द्या. त्या पानांवर शेकडो रुग्णांची नावे आहेत, कोणाचा गर्भपात, कोणाचा क्षय, कोणाचे मनाचे आजार तिथे नोंदलेले असतील, आणि त्यांच्यावर झालेल्या एका अन्यायाचा पुरावा म्हणून त्यांचीच गुपिते चव्हाट्यावर आणणे हा दुसरा अन्याय होईल. त्याशिवाय बदनामीचा खटला तुमच्यावर होऊ शकतो, आणि खासगी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने गैरप्रकार उघड केला तर त्याची नोकरी वाचवणारा भरवशाचा कायदा आपल्याकडे नाही. २०१७ साली राज्य शासनाने समिती नेमून कट प्रॅक्टिसला आळा घालण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता, परंतु त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही.

परिषदेकडे जाण्याआधी तिचा अधिकार कुठवर चालतो तेही पाहा. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीकृत अॅलोपॅथी डॉक्टरांना ताकीद देऊ शकते, त्यांची नोंदणी काही काळासाठी किंवा कायमची काढू शकते. रुग्णवाहिकेच्या चालकावर, व्यवस्थापकावर किंवा रुग्णालय या संस्थेवर तिचा अधिकार चालत नाही, आणि ती भरपाईही देत नाही. गावचे डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतील तर त्यांच्या परिषदा निराळ्या आहेत. शहरातल्या रुग्णालयाची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, म्हणून दरफलक, सनद, बिल न देणे अशा गोष्टींची तक्रार तिथे करायची. सेवेतल्या त्रुटीमुळे नुकसान झाले असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. परिषदेने तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा असे विनियम सांगतात, पण प्रत्यक्षात याहून जास्त काळ लागू शकतो, हे धरूनच पाऊल टाका.

एवढे सांगूनही माझे मत असे आहे की ही तक्रार मुळात तुमची नाहीच. ती मावशींची आहे. शरीर त्यांचे, बिल त्यांचे, बोरमाळ त्यांची, आणि विश्वास टाकला तोही त्यांनी. तुमच्या हातातली वही रुग्णालयाची आहे, ती बाहेर नेताना तुमचा पाय घसरू शकतो. मावशींच्या उपचाराचे कागद मात्र मावशींना हक्काने मिळतात. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांपैकी जो मी उत्तरात शेवटी ठेवला, तोच मी पहिला मानतो : मावशींना सांगावे का?

सांगावे, असे मला ठामपणे वाटते. तुम्ही लिहिता की सांगितले तर त्यांचा गावच्या डॉक्टरांवरचा विश्वास उडेल, आणि उद्या खरेच काही झाले तर त्या वेळेवर दवाखान्यात जाणार नाहीत. ही भीती पोकळ नाही. डॉक्टरवरचा विश्वास उडालेली माणसे अंगारे-धुपारे करत बसल्याचे मी पाहिले आहे. म्हणूनच काय सांगायचे आणि काय नाही, याची सीमा आधी स्वतःशी ठरवून घ्या. तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढेच सांगा : चिठ्ठीबद्दल रुग्णालयाने त्या डॉक्टरांना पैसे दिले. तुम्हाला जो संशय आहे तो सांगू नका. ‘तुला फसवून कापले’ असे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ नये, कारण ते तुम्हाला माहीत नाही. आणि पाकीट तुम्हीच बंद केलेत हेही त्याच बैठकीत सांगा. ते नंतर दुसऱ्या कोणाकडून कळले तर मावशींचा उरलासुरला विश्वासही जाईल, आणि तो तुमच्यावरचा असेल.

मावशी काय म्हणतील हे मी कसे सांगणार? कदाचित त्या म्हणतील, जाऊ दे, जीव वाचला. असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि मग त्यांच्या वतीने लढाई करण्याचा हट्ट धरू नका. कदाचित त्या उठून थेट डॉक्टरांना विचारायला जातील. तसे झाले तर त्यांना थांबवू नका, फक्त सोबत मुलाला पाठवा. ज्या बाईच्या घरी रात्री दोन वाजता आपण गेलो होतो तिने समोर बसून ‘डॉक्टर, तुम्ही माझ्यामागे पैसे घेतले का?’ असे विचारणे हे परिषदेच्या नोटिशीइतकेच परिणामकारक ठरू शकते. मला माझ्या कामगाराने असे विचारले नव्हते. विचारले असते तर मी काय केले असते, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आणि मावशींनी रीतसर तक्रार करायचे ठरवले तर तुम्ही दोघी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. रुग्णालयाची कर्मचारी म्हणून तुम्ही साक्षीदार व्हावे की नाही, कोणता कागद मागावा आणि कोणता मागू नये, हे त्या वकिलांना विचारूनच ठरवा.

कोटणीसांबद्दल तुम्ही जे विचारलेत त्याचे उत्तर तुमच्याच वहीत आहे. १९३८ साली आपल्या गावचा हा मुलगा पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारला. तेवढे मोठे माप लावले तर कोणताही डॉक्टर अपुराच पडेल, आणि मग ‘सगळेच तसे’ म्हणून आपण मोकळे होऊ. पण तुमच्या वहीत फक्त घेणाऱ्यांची नावे आहेत, ताई. जो घेत नाही त्याचे नाव तिच्यात येण्याचे कारणच नाही. तुमच्या रुग्णालयात गेल्या चार वर्षांत चिठ्ठी घेऊन आलेले, पण ज्यांच्यापुढे रक्कम लिहिली गेली नाही, असे रुग्ण एकदा आठवून पाहा. त्यांच्या चिठ्ठ्यांवर कोणत्या डॉक्टरांची नावे होती? ती नावे मनात नोंदवून ठेवा. उद्या कोणी तुम्हाला ‘कोणाकडे जाऊ’ असे विचारले तर तुम्हाला सांगता येईल, आणि हे ज्ञान या शहरात फार थोड्या लोकांकडे आहे.

शेवटी कागदांचे. मावशींनी तक्रार करायचे ठरवले नाही तरीही कागद मागून ठेवा, कारण पुढे कधी पोटाचा त्रास झाला तर कोणत्याही डॉक्टरला ते लागतील. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणी, बाबवार बिल आणि पावत्या यांच्याबरोबर पित्ताशयाच्या पॅथॉलॉजी तपासणीचा अहवालही मागा. काढलेले पित्ताशय तपासणीसाठी पाठवले जाते आणि तो अहवाल रुग्णाच्या हाती देणे बरेचदा राहून जाते. पित्ताशयाला सूज होती का, खडे होते का, आणखी काही होते का, हे त्यातून कळते, आणि तुमचा शस्त्रक्रियेविषयीचा संशय बराचसा तिथेच मिटू शकतो. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे हे २००२ च्या विनियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. अर्ज एका पानाचा, साध्या मराठीत, मावशींच्या सहीने किंवा अंगठ्याने करा. त्याच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्क्यासह पोच घ्या. अर्ज मावशींनी किंवा त्यांच्या मुलाने काउंटरवर द्यावा, आणि त्या दिवशी तुम्ही सुट्टी घ्यावी.